रुवैसचा डुप्लिकेट

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, सावंत, मोठमोठ्या कलावंतांच्या सहवासात तुमचं आयुष्य गेलं, त्यावर लिहा. सहवास! अहो बाई, कलावंताच्या सहवासात त्याचा ड्रायव्हर असतो, न्हावी असतो, मेहुणा असतो. साउंडवाला असतो हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बुफेच्या वासात, आणि त्याची आठवण होते ती माईक किंचाळला म्हणजे. कार्यक्रम रंगला तर गायक थोर. शिटी वाजली तर सावंत कुठे मेला.

तरी लिहितो. कारण जो किस्सा मी सांगणार आहे तो दुसऱ्या कुणाला माहीतच नाही, आणि ज्या गायकाचा आहे त्याला तर मुळीच नाही.

आधी धंदा समजून घ्या. गायकाचा आवाज माईकमधून निघून माझ्या टेबलावर येतो. टेबल म्हणजे मिक्सर, शंभर खुंट्यांचं. तिथून त्या आवाजाला दोन वाटा फुटतात. एक वाट जाते हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांकडे, लोकांसाठी. दुसरी उलटी फिरून जाते गायकाकडेच. त्याच्या पायाशी एक तिरका स्पीकर ठेवलेला असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. गायक स्वतःला ऐकतो ते त्यातून. म्हणजे बघा, लोक काय ऐकतायत ते गायकाला माहीत नसतं आणि गायक काय ऐकतोय ते लोकांना माहीत नसतं. दोन्ही माहीत असणारा माणूस हॉलमध्ये एकच. या दोन वाटांच्या बेचक्यात मी पंचवीस वर्षं संसार केला, आधी शारजात, मग अबुधाबीत टू बीएचके भाड्याने घेऊन.

दोन हजार आठपर्यंत दुबईत असे दिवस होते की कुणी गॅलरीत कुंडी ठेवली तरी उद्घाटनाला ऑर्केस्ट्रा बोलवायचे. आमची इव्हेंट कंपनी जबल अलीच्या एका वेअरहाउसमध्ये होती. मालक फादी, लेबनीज माणूस. त्याचं जाकीट बघितलं की बँकेला वाटायचं आपणच याच्याकडून कर्ज काढलंय. त्या दिवसांत बिल्डरांच्या बायकांना गाण्याची हौस फार. नवऱ्याच्या वाढदिवसाला बाई स्टेजवर, समोर दोनशे पाहुणे आणि गळा असा की मांजरीने नोटीस द्यावी. त्यासाठी फादीने एक मशीन घेतलं. चौदा हजार दिरहम, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये धरा. काम काय? बेसूर माणसाला सुरात आणणं. पेटीला सप्तकात बारा पट्ट्या असतात ना, त्या मशीनला तेवढेच बारा सूर माहीत. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुणी सापडला की हे मशीन त्याचा कान धरून जवळच्या पट्टीवर आणून बसवतं. शाळेच्या रांगेत पी.टी.चे मास्तर करतात तसं. बाई गायची मांजरीसारखी, हॉलमध्ये ऐकू यायची कोकिळा, आणि नवरा खरोखरच चक्रावून बायकोकडे बघत राहायचा. मोडणारे तीन संसार या मशीनने सावरले असतील. फादीचा हुकूम पक्का होता: "हबीबी सावंत, मशीन ऑन. ऑलवेज ऑन."

दोन हजार आठच्याच उन्हाळ्याच्या तोंडावर नेजिप बे आमच्या आयुष्यात आला.

बे म्हणजे आपलं राव. तुर्कस्तानातला अराबेस्क गायक. अराबेस्क म्हणजे काय ते मी थोडक्यात सांगतो: माणसाला पोरगी सोडून गेली, आई वारली, शहराने लाथाडलं, देवाने पाठ फिरवली, आणि हे सगळं एकाच कडव्यात. दुसऱ्या कडव्यात तो स्वतः मरतो. तिसऱ्यात थडग्यातून गातो. त्या गाण्याला व्हायोलिनं लागतात शेतातल्या उसाइतकी. नेजिप बेच्या तीन कोटी कॅसेट खपल्या असं त्याचा सेक्रेटरी सांगायचा. मी तीस लाख धरतो, तरी पुष्कळ झाल्या. सिनेमेही केलेले. प्रत्येकात तो गरीब, नायिका श्रीमंत, आणि शेवटी दोघांपैकी एकजण आंधळं.

तर एका टॉवरच्या लाँचला त्याला आणला. टॉवरची तेव्हा फक्त पाटी उभी होती, पण पाटी असली जबरदस्त की लोकांनी तिच्यावरच बाराव्या मजल्याचे फ्लॅट घेतले. नेजिप बे उतरला वीस माणसांचा लवाजमा घेऊन. त्यात एक माणूस केवळ मिशीसाठी. मिशीला रंग, कोरणी, मेण, सगळं तो बघायचा. चंदेरी जाकीट असं की लाइटवाल्याने आपले दोन दिवे विझवले. आणि हा थोर गायक गायलाच नाही. रेकॉर्ड लावून त्यावर तोंड हलवलं. रेकॉर्डमधला हुंदका ठरलेल्या जागी यायचा. तीन तालमी बघितल्यावर मी माझी जांभई त्या हुंदक्याला लावून घेतली होती. आमच्या लालबागच्या मंडळात लाउडस्पीकर भाड्याने देणारा बाबूसुद्धा गणपतीपुढे एवढी लबाडी करायचा नाही. घरी येऊन मी त्याची नक्कल केली तेव्हा बायको सुलभा हसून हसून सोफ्यावरून खाली आली आणि मुलगी मुक्ता म्हणाली, "बाबा, डू द क्राइंग अंकल अगेन." आठवडाभर आमच्याकडे डाळ खारट झाली तरी मी त्या चालीवर रडत होतो.

मग मंदी आली. आली म्हणजे कशी, आजपर्यंत सांगतो ते कुणाला पटत नाही: गुरुवारी फोन वाजत होते आणि रविवारी फोनच बिचारे एकमेकांना करून बघत होते, लाइन चालू आहे का म्हणून. टॉवरची पाटी वाऱ्याने पडली, कुणी उचलली नाही. आमच्या वेअरहाउसमध्ये चाळीस माणसं होती, ती वर्षभरात सहावर आली. आमच्या इमारतीतली मराठी कुटुंबं एकेक करून सोफे विकायला लागली. तिथला नियम तुम्हाला माहीत असेलच: नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि मग महिन्याभरात बिऱ्हाड उचलून चालू पडायचं. एरवी मी गेलोही असतो. पण मुक्ता दहावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, आणि आम्ही होतो सप्टेंबरात. वर्षाच्या मध्येच उचलून तिला मुंबईच्या कुठल्या शाळेत घालणार होतो? मार्चपर्यंत व्हिसा टिकवायचा, एवढंच माझं त्या वर्षीचं देवाकडे मागणं. सुलभाने तर गणपतीला सांगून ठेवलं होतं की मोदक मार्चनंतर.

अशात फादी धावत आला. त्याच्या हातात कामाचा एकुलता एक कागद. अबुधाबीच्या पश्चिम टोकाला, रुवैसला, रिफायनरीच्या वाढीव कामावर एक तुर्की कंत्राटदार होता. दुबईतली कामं बंद पडल्यावर त्याने आपले सगळे तुर्की कामगार तिकडे वाळवंटात हलवले होते, हजारभर माणसं. समुद्र, पाइप आणि वाळू. चौथं काही नाही. माणसं चिडचिडी झाली होती. कंत्राटदाराने ठरवलं, त्यांना नेजिप बे ऐकवायचा. जमलं तर दर महिन्याला एक कार्यक्रम. अट एकच, गाणं लाइव्ह. रेकॉर्ड त्यांच्याकडे होत्याच.

फादी म्हणाला, "सावंत, हे जमलं तर एप्रिलपर्यंत कंपनी चालते. नाही जमलं तर खलास. यल्ला, चल."

घरी सांगितलं. मुक्ताने पुस्तकातून डोकं वर काढलं. "सो माय बोर्ड एग्झाम डिपेंड्स ऑन द क्राइंग अंकल?"

सुलभा म्हणाली, "त्याची नक्कल करत होतात ना? आता घ्या."

नेजिप बे या वेळी उतरला तो दोन माणसांसह. एक बाग्लामा, म्हणजे तिकडची सतार, वाजवणारा आणि एक कीबोर्डवाला. मिशीवाला माणूस कपातीत गेला होता आणि मिशीवर ते दिसत होतं, एक बाजू जरा वर. तुर्कस्तानात नवी पोरं आली होती, ह्याच्या कॅसेटची दुकानं बंद पडली होती. वय साठ. आवाज? जबल अलीला वेअरहाउसमध्ये तालीम घेतली तेव्हा ऐकला. जुन्या लाकडी जिन्यावरून कुणी लोखंडी कपाट उतरवतंय असा. सूर म्हणाल तर कुठल्याच पट्टीवर पाय नाही. वरचा सूर घ्यायला निघायचा आणि थोडं अलीकडेच बसायचा, बसल्याबसल्या हलत राहायचा. श्रुती आपल्याकडेही आहेत, मला शिकवू नका. पण आपल्या श्रुती सभ्य असतात, दार वाजवून येतात. ह्याच्या श्रुती भिंतीवरून उडी मारून यायच्या.

फादीचा चेहरा पडला. मग त्याची नजर मशीनवर गेली आणि चेहरा उजळला. मला बोलायची गरजच पडली नाही.

रुवैसला पोचलो तर गेटवर वर्गीस. सेफ्टी ऑफिसर, कोट्टायमचा. रिफायनरीच्या भागात तुम्ही शिंकलात तरी आधी रिस्क असेसमेंट लागतं. त्याने फॉर्म काढला आणि गाण्यात धोका कोणता ते विचारलं.

"गायक रडतो," मी म्हटलं.

"मग?"

"मग पब्लिक रडतं."

त्याने लिहून घेतलं. पुढे विचारलं, उंचीवरचं काम आहे का. मी म्हटलं, वरच्या पट्टीत जातो अधूनमधून, पण टिकत नाही. वर्गीस हसला नाही. त्याने कुठूनतरी माहिती काढली होती की या गायकाचे चाहते गाण्याच्या भरात ब्लेडने आपलीच छाती ओरबाडून घेतात. म्हणून त्या शुक्रवारी कॅम्पातल्या न्हाव्याचे सगळे वस्तरे त्याने कुलपात टाकले होते, आणि हजार तुर्क वाढलेल्या दाढीने आपल्या लाडक्या गायकाची वाट बघत होते. शिवाय टिश्यूची खोकी. फॉर्मवर तो उपाय म्हणून लिहिलेला होता.

साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर लेव्हेंट बे. इस्तंबूलचा, चष्मा सोनेरी, इंग्रजी आपल्याहून बरं. महिन्याचा कार्यक्रम चालू ठेवायचा की नाही ते त्याच्या हातात. त्याला या गाण्याचा असा तिटकारा की माझं मन प्रसन्न झालं. म्हणाला, ही झोपडपट्टीची गाणी. आम्ही शिकलेले लोक घरात वाजू देत नाही. आणि मग उभ्या उभ्या त्याने मला नेजिप बेचं अख्खं चरित्र सांगितलं. सीरियाच्या सीमेजवळचं गाव. बाप कल्हईवाला. पोरगा लहानपणापासून भाता ओढायचा आणि नवसागराच्या धुरात गायचा, त्या धुराने गळा करपला. तिकडे अशा आवाजाला करपलेलाच म्हणतात, आणि ते कौतुक असतं! आपल्याकडे करपलेली भाजी कुत्र्याला घालतात. तिकडे करपलेल्या गळ्याला बंगला देतात. इस्तंबूलला आला, मिनीबसवाल्यांनी त्याच्या कॅसेट वाजवून वाजवून त्याला मोठा केला. पण सरकारी रेडिओने घेतलं नाही. तीनदा परीक्षेला बसला, तीनदा समितीने सांगितलं, तुझे सूर शुद्ध नाहीत. पुढे राजवाड्यासारखं घर झालं तरी रेडिओवर गेला नाही तो नाहीच. कोणत्या साली कोणती कॅसेट, कोणत्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर श्वास कुठे तुटतो, सगळं लेव्हेंट बेला पाठ. एवढा तिरस्कार असलेल्या माणसाला एवढी माहिती कशी, हे मी मनात टिपून ठेवलं आणि केबल टाकायला गेलो.

कार्यक्रम कॅम्पच्या मेसमध्ये, दुपारच्या नमाजानंतर. जेवणाची टेबलं बाजूला सारलेली, दारं-खिडक्यांत माणसं, स्वयंपाकघराच्या खिडकीत आचारी. नेजिप बे चंदेरी जाकीट घालून आला. तेच जाकीट, दोन हजार आठचं, आता बगलेत उसवलेलं. हजार माणसं उभी राहिली आणि असा काही गलका झाला की माझ्या मिक्सरवरच्या सगळ्या दिव्यांनी एकदम नमस्कार केला.

पहिलं गाणं सुरू झालं. हॉलकडे जाणाऱ्या वाटेवर मशीन चालू. मॉनिटरकडे त्याचा स्वतःचा आवाज, होता तसा. काय सांगू! तो माणूस पहिल्यांदा सुरात गात होता. स्वच्छ, सरळ, इस्त्री केलेला. मी मनात म्हटलं, आता ऐका लेको, गाणं याला म्हणतात.

आणि लेको बसून होते. कुणी हुंदका देईना. कुणी उसासा टाकेना. हजार माणसं सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला बसावीत तशी. टिश्यूंची खोकी बंदच. वर्गीस निश्चिंत. स्टेजवर नेजिप बे घामाघूम. त्याला मॉनिटरमधून त्याचाच करपलेला आवाज ऐकू येत होता, तो त्याच जागा घेत होता ज्यांवर मिनीबसवाले गाड्या थांबवून रडले होते, आणि समोर त्याचीच माणसं त्याच्याकडे अशी बघत होती जशी आपण दारावर आलेल्या विमा एजंटकडे बघतो. दुसरं गाणं घेतलं. मागच्या रांगांत कुजबूज चालू झाली.

तेवढ्यात हसन उस्ता माझ्या टेबलाशी आला. उस्ता म्हणजे मिस्त्री. सळईकामाचा फोरमन, आखातात अर्धं आयुष्य गेलेलं, मिशी अशी की दोन कबुतरं संसार करतील. साइटवरचं हिंदी त्याला येत होतं. त्याने आधी स्पीकरकडे बघितलं, मग स्टेजकडे, मग माझ्याकडे.

"मुदीर," तो म्हणाला, म्हणजे साहेब, "ये कौन है?"

मी म्हटलं, कौन म्हणजे? नेजिप बे.

"नेजिप बे नहीं. शकल सेम, आवाज दूसरा. कंपनी पैसा बचाया." त्याने मान हलवली. "करामा से लाया. डुप्लिकेट."

करामा म्हणजे दुबईतला बाजार, तिथे घड्याळं, बॅगा, बूट सगळ्यांची हुबेहूब नक्कल मिळते, हे तर सगळ्या आखाताला माहीत. आणि मंदीचं वर्ष. या माणसांना वर्षभर सगळंच नकली मिळत होतं: पगारवाढ, सुट्टीचं तिकीट, मालकाचा शब्द. आता गायकही करामाचा आणला, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. हसन उस्ताने तुर्कीत मागे काहीतरी सांगितलं. ते हॉलभर पसरलं. मग कुणीतरी स्टीलच्या ताटावर चमचा आपटला. दुसऱ्याने आपटला. हजार चमचे. अहो, रिफायनरीच्या टाक्या हलल्या असतील.

लेव्हेंट बे पांढराफटक होऊन माझ्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, ही माणसं आता उठली तर परत कार्यक्रमाचं नाव काढायला नको. फादी स्टेजच्या कडेला उभा राहून मला अंगठा दाखवत होता, मशीन ऑन, मशीन ऑन. त्याला चमचे म्हणजे टाळ्या वाटत होत्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय होतं म्हणाल तर मुक्ताचं भूमितीचं पुस्तक, खोक्यात भरताना.

मशीनला एक लाल बटण असतं. ते दाबलं की मशीन बाजूला होतं आणि आवाज येतो तसा जातो. मी ते दाबलं. ओळीच्या मधोमध.

नेजिप बे वर चढत होता. हॉलमधला तो सरळ सूर एकदम वाकला, पट्टीच्या अलीकडे जाऊन बसला आणि तिथे थरथरत राहिला. दाढेत खडा यावा तसं मला झालं. शुद्ध बेसूर! मी आजही शपथेवर सांगेन.

हजार चमचे थांबले.

हसन उस्ता माझ्या टेबलाला धरून हळूहळू खाली बसला. मोठी इमारत बसते ना, मजल्यामजल्याने, तशी. पहिल्यांदा मिशी गेली, मग खांदे. "आबी," एवढंच म्हणाला. म्हणजे दादा. स्टेजकडे बघून. मग ते सुरू झालं. टिश्यू पहिल्या पाच मिनिटांत संपले. मग लोकांनी टोप्या घेतल्या, हातमोजे घेतले, आचाऱ्याने खिडकीतून पाव वाटले आणि माणसांनी त्या पावांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी कॅम्पात भाजीला मीठ घालावं लागलं नाही. वर्गीस शिटी तोंडात धरून धावत होता, पण रडण्यासाठी हॉल रिकामा करायचा की नाही हे फॉर्मवर नव्हतं. आणि मी मागे वळून बघितलं तर लेव्हेंट बेचे ओठ हलत होते. शब्द न् शब्द. सोनेरी चष्मा खिशात.

मी बघतोय हे कळल्यावर तो इंग्रजीत म्हणाला, "हॉरिबल म्यूझिक." आणि परत ओठ हलवायला लागला.

इथे हा किस्सा संपला असता तर मी लिहायला बसलो नसतो. असल्या रडारडीच्या गोष्टी दर दिवाळीला चार येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमधून दुबईकडे निघालो. नेजिप बे माझ्या शेजारी. सीमेवरच्या गावचा म्हणून त्याला अरबी येत होतं, मला बाजारातलं. दोघांचं मिळून एक धड वाक्य व्हायचं. त्याने विचारलं, काल रेकॉर्डिंग केलंस ना? केलं होतं. हॉलच्या वाटेवरूनच घेतलं होतं, म्हणजे पहिलं गाणं मशीनमधून गेलेलं. मी तेवढं पहिलंच गाणं लावून हेडफोन दिला. त्याने लावला. मी खिडकीतून उंट बघत बसलो.

थोड्या वेळाने बघतो तर हा माणूस रडतोय. स्टेजवरचं रडणं मला पाठ होतं: डावा हात छातीवर, मान उजवीकडे. हे तसलं नव्हतं. नाक वाहत होतं, मिशी भिजून एका बाजूला गेली होती आणि त्याचं लक्षच नव्हतं. चाळीस वर्षं ज्याने सगळ्या तुर्कस्तानाला रडवून त्यावर बंगला बांधला, तो पहिल्यांदा फुकट रडत होता.

"हा मी आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तूच, फक्त माझ्या मशीनमधून गेलेला.

"बघ," तो म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांड्यांना कल्हई केली. माझ्या गळ्याला आज कुणीतरी केली." मग नाक पुसून म्हणाला, रेडिओची ती समिती जिवंत असती तर तिला हे ऐकवलं असतं.

आता बघा मूर्खपणा! ज्या गाण्याला त्याच्या माणसांनी डुप्लिकेट म्हणून ताटं बडवली, ते ऐकून ह्याला वाटलं आपण अखेर परीक्षा पास झालो. मला हसू येत होतं आणि ते गिळताना ठसका लागला. त्याला वाटलं मीही रडतोय. त्याने मला मिठी मारली. चंदेरी जाकिटाच्या टिकल्या माझ्या शर्टाला पुढे महिनाभर सापडत होत्या.

दुबईत पोचल्यावर त्याने फादीला सांगितलं: दर महिन्याला येईन, पण साउंडला हाच माणूस आणि हेच मशीन. फादी अर्थातच म्हणाला, मशीन ऑलवेज ऑन.

मग मी काय केलं? तुम्ही ओळखलं असेल. दोन वाटा. फक्त तारांची अदलाबदल. मशीनचा आवाज मॉनिटरकडे, नेजिप बेच्या पायाशी. आणि त्याचा करपलेला आवाज, जसाच्या तसा, हॉलकडे. दर महिन्याच्या एका शुक्रवारी तो स्टेजवर उभा राहून स्वतःला शुद्ध सुरात ऐकायचा, रेडिओच्या गायकासारखा, आणि समोर हजार माणसं त्याच्या बेसुरावर ढसाढसा रडायची. त्याला वाटायचं, शुद्ध सुरांची कमाल. त्यांना वाटायचं, ओरिजिनल माल. वर्गीसने टिश्यूचा कोटा वाढवला. लेव्हेंट बे हॉरिबल म्हणत पहिल्या रांगेत सरकला. माझा व्हिसा जागच्या जागी.

फेब्रुवारीत, तालमीच्या वेळी, हॉल रिकामा असताना नेजिप बे स्टेजवरून उतरून माझ्या टेबलाशी आला. मॉनिटरकडे बोट केलं.

"सावंत आबी, तिकडे लोकांनाही असाच ऐकू येतो ना?"

प्रश्न सरळ होता. पुढच्या महिन्यात मुक्ताचा पहिला पेपर होता.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

आखातात राहिलेल्यांना या शब्दाचं मोल सांगायला नको. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. माणूस दोन्ही खिशांत घालून घरी नेतो. त्याने छातीवर हात ठेवला आणि परत स्टेजवर गेला.

मार्च आला, गेला. मुक्ताला गणितात पंच्याण्णव मिळाले. सुलभाने थकबाकीतले मोदक केले, बाप्पाचे आणि आमचे. मे महिन्यात फादीने वेअरहाउसला कुलूप लावलं. निरोपाला नेजिप बेने काय मागितलं? शाल नको, घड्याळ नको, मशीन. फादीला ते विकत घेणारा कुणी मिळत नव्हताच, त्याने उदार चेहऱ्याने देऊन टाकलं. विमानतळावर नेजिप बेने ते खोकं लहान पोरासारखं मांडीवर घेतलं होतं. त्या वेळी सांगावं असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तो इतका खूश होता, आणि ट्रॉली माझ्या हातात होती, आणि पार्किंगचे दिरहम चढत होते.

इस्तंबूलला जाऊन त्याने त्या मशीनमधून नवी सीडी काढली. सगळी गाणी इस्त्रीची. रेडिओने वाजवली म्हणतात, सकाळच्या कार्यक्रमात. मिनीबसवाल्यांनी एकदा ऐकली आणि सांगितलं, हा तो नव्हे. पुढे त्याने काही काढलं नाही.

मी पुढे अबुधाबीला एका हॉटेलच्या साउंडला लागलो, तिथूनच निवृत्त झालो. मुक्ता टोरांटोला असते, मित्रांना सांगते की क्राइंग अंकलमुळे ती टेन्थ पास झाली. त्यांना तो विनोद वाटतो. निवृत्तीच्या थोडं आधी अबुधाबीच्या खलिफा सिटीत एका तुर्की न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. दुकानात तीच सीडी लावलेली, ती इस्त्रीची. मी विचारलं, नेजिप बे का? न्हाव्याने वस्तरा माझ्या गळ्याशी धरूनच नाक मुरडलं. म्हणाला, नाव त्याचं छापलंय, पण हा कुणी दुसराच. गिऱ्हाइकाने आणून दिली म्हणून लावलीय. खरा नेजिप बे शेवटचा गायला तो रुवैसला. माझा मामा तिथे सळईकामाला होता, त्याने ऐकलाय. त्यानंतर खरा कुठे गेला कुणाला माहीत नाही.

मी म्हटलं, मीही ऐकलाय. रुवैसलाच.

वस्तरा थांबला. आरशातून त्याने माझ्याकडे नीट बघितलं. आखातात थापा मारणारे पुष्कळ, त्याला परीक्षा घ्यायची होती.

"कसा गायचा?"

गळ्याशी वस्तरा असताना माणूस खरंच बोलतो.

"बेसूर," मी म्हटलं.

त्याने समाधानाने मान हलवली आणि साबण पुन्हा फेसायला घेतला.

"हां," तो म्हणाला, "मग तोच."